मदत हवी आहे : योगा करून कंबर जास्तच धरायला लागली

शिलाईवाली_भुसावळ
नमस्कार, अर्जंट आहे. महिन्यापासून मोबाईलवर व्हिडिओ लावून घरीच योगा चालू केलाय, पहिले आठ-दहा दिवस इतकं छान वाटलं, झोप शांत लागायची, मुलांवर ओरडणं कमी झालं, पण आता कंबर आधीपेक्षा जास्त धरते. बंद करू का चालू ठेवू? घरातले म्हणतात सोड तो नाद. मला सोडायचा नाहीये. लवकर सांगा.

केळीवाला_रावेर
ताई, सूर्यनमस्कार घाला, रोज बारा. केळीचे घड वाहून माझी पण कंबर गेली होती, पाच वर्षं घालतोय, आता एकदम ओके. बाकी कशाची गरजच नाही.

तापीकाठ
दादा, त्या काय करतात ते तरी विचारा आधी. ताई, वय किती, आसनं कोणती, कशावर करता? दुखणं कंबरेतच आहे की पायात उतरतं?

शिलाईवाली_भुसावळ
वय ४१. व्हिडिओत दाखवतात ते सगळं करते.

धुळेकर_७
पोट कमी करायचं असेल तर कपालभाती बेस्ट!! आणि रात्रीची शेवभाजी बंद.

तापीकाठ
पोटाचं कोणी विचारलंय? आणि बीपी किंवा हर्निया असलेल्याने कपालभाती मनाने करू नये. ताई, "सगळं" म्हणजे काय ते सांगा ना.

शिलाईवाली_भुसावळ
बरं, नीट सांगते. पायमशीनवर ब्लाऊज शिवते, लगीनसराईत सात-आठ तास बैठक. उठताना मशीनची कड धरून आधी अर्धं उठायचं, तिथंच जरा थांबायचं, मग सरळ व्हायचं. योगात पाय लांब करून अंगठे धरायचं आसन आहे, माझे हात घोट्यापर्यंतच जातात म्हणून साडीच्या काठाची पट्टी तळव्यांत अडकवून ओढते, झटके देते. गादीवर करते, फरशी टोचते. डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या येतात, पण त्या मशीनमुळे असतील म्हणून लिहिलं नव्हतं.

योगशिक्षिका_अमळनेर
अगं ताई, मुंग्यांचं सगळ्यात आधी सांगायचं! ते पश्चिमोत्तानासन आजपासून बंद, पट्टी तर काढूनच टाक. दिवसभर बसून मांड्यांच्या मागचे स्नायू आखडतात, गुडघे ताठ ठेवून ओढलं की सगळा वाक कंबरेच्या मणक्यांवर येतो. मुंग्या पायात उतरतात म्हणजे नस दबत असू शकते, हाडांच्या डॉक्टरला दाखव. तोवर गादीवर नको, जमिनीवर सतरंजी दुहेरी घालून मकरासनात पालथी पड आणि श्वास सावकाश सोड. त्यानेही मुंग्या वाढल्या तर लगेच थांब. योग सुटणार नाही तुझा, काळजी करू नकोस.

केळीवाला_रावेर
म्हणजे सूर्यनमस्कार चुकीचे का? आमच्याकडे सगळे घालतात.

योगशिक्षिका_अमळनेर
चुकीचे नाहीत भाऊ. पण बारा स्थितींत पुढे वाकणं दोनदा येतं, तिसऱ्या आणि दहाव्या. तुमची कंबर ते सोसते, त्यांची आत्ता सोसणार नाही.

खान्देशी_वाचक
अमळनेरचं नाव निघालंच तर सांगतो, स्वामी कुवलयानंद आधी अमळनेरला शिक्षक होते, मग १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रं लावून तपासलं. आपल्या मुलांना हे माहीतच नाही.

तापीकाठ
छान माहिती, पण वेगळा धागा काढा ना. इथं त्यांना त्रास होतोय.

शिलाईवाली_भुसावळ
डॉक्टरांना दाखवून आले. चौथ्या-पाचव्या मणक्यात गादी सरकलीय, पण थोडीच म्हणाले. औषध आणि फिजिओथेरपी दिली, पुढे वाकायला दोन महिने पूर्ण मनाई. मकरासन चालेल का विचारलं, हो म्हणाले. चार दिवस करतेय. काल रात्री कुस बदलताना जाग आली नाही, मुंग्या आहेत पण पोटरीपर्यंत जात नाहीत. बाई, तुमचे खूप आभार. एकच राहिलं, मशीनपुढचं स्टूल किती उंच असावं? माझं ठेंगणं आहे, गुडघे वर येतात.

योगशिक्षिका_अमळनेर
गुडघे कुल्ह्यांपेक्षा वर जायला नकोत. घोंगडी चौपट करून स्टुलावर घाल, आणि एक ब्लाऊज झालं की उठून पाणी प्यायला जा, माठ लांब ठेव.

शिलाईवाली_भुसावळ
माठ मशीनला लागूनच आहे. आत्ताच ओसरीत नेऊन ठेवते.