बैलगाडा शर्यतीवरची ‘बंदी उठली’ की ‘परवानगी मिळाली’?

विटा : घरात वाद पेटलाय. २०२१ च्या डिसेंबरात गावात फलक लागला होता, ‘बंदी उठली’. वडील अजून तेच म्हणतात. वकिली शिकणारी बहीण म्हणते, तेव्हा मिळाली ती फक्त तात्पुरती परवानगी. एवढा फरक आहे का?

कराड : आहे. २०११ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यावर बोट ठेवून जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैल काबूत आणायचा खेळ) आणि बैलगाडा शर्यती दोन्ही थांबवल्या. २०१७ ला आपल्या विधिमंडळाने त्या कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली. मूळ कायदा केंद्राचा, विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही ज्यावर कायदा करू शकतात असा, म्हणून राष्ट्रपतींची संमती लागली. पण उच्च न्यायालयाने परवानग्या द्यायला मनाई केली. म्हणजे कायदा आहे आणि मैदान नाही, अशी चार वर्षं गेली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती आणि नियम तूर्त चालू द्या म्हटलं. शेवटचा निकाल १८ मे २०२३ चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा; त्यात ही दुरुस्ती वैध ठरली. बहिणीला पेढा द्या.

खटाव : आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द, ‘स्टे’. बांधाच्या भांडणातही स्टे, बैलावरही स्टे.

मिरज : पेपरवाले २०२३ ला ‘आधीचा निकाल फिरवला’ असं लिहीत होते, ते मला जास्त खटकतं. फिरवला नाही. २०१४ ला कायद्याचे शब्द वेगळे होते, त्यावर तो निकाल होता. विधिमंडळाने शब्दच बदलले, त्यामुळे आधीच्या निकालाचा पायाच उरला नाही. ‘फिरवणे’ म्हणजे आधीचं चुकलं असं कबूल करणं. पारावर ‘कोर्टानं कायदा केला’ म्हणतात तेही तसंच. कोर्ट अर्थ लावतं, शब्द मुंबईत नाहीतर दिल्लीत बसतात.

आणि गंमत बघा, ‘शर्यत’ आणि ‘शर्त’ हे एकाच अरबी शब्दाचे दोन अवतार. शर्त म्हणजे अट, पैजही. ‘प्रयत्नांची शर्थ’ त्याच घरातली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या, काठी-चाबूक आणू नका, हजार मीटरच्या पुढं पळवू नका. शर्यत परत आली ती शर्ती घेऊनच.

खटाव : तरी आम्ही शर्यत म्हणतच नाही. ‘मैदान’ म्हणतो. ‘पुसेगावच्या मैदानाला येणार का?’

विटा : सगळं वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, “फलकावर ‘तूर्त परवानगी’ लिहिलं असतं तर एक तरी छकडा आला असता का?” पेढा मात्र बहिणीनेच खाल्ला.