मदत हवी आहे: लहान मुलांचे हार्मोनचे आजार शिकायला कुठं जावं?

मांजराकाठ:
बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. पेडिॲट्रिक एंडोक्राइन शिकायचंय. कुठं, किती दिवस, खर्च किती? शोधून डोकं उठलंय, जिथं तिथं डीएमच, म्हणजे एमडीनंतरची पदवीच दिसते. लवकर सांगा.

गोदातीर:
दादा, एमबीबीएस, डीसीएच (बालरोगाचा डिप्लोमा) की एमडी? दवाखाना बंद ठेवून जाता येईल का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार!

लातूरकर_बाप:
पोरासाठी विचारत असाल तर अकरावीलाच लातूरला टाका. आमच्यानं दोन वर्षं होस्टेलवर राहून नीटची परीक्षा काढली. बायोलॉजी सगळेच करतात, फिजिक्समध्ये मार्क जातात.

मांजराकाठ:
पोरासाठी नाही हो, स्वतःसाठी. मी बालरोगतज्ज्ञ आहे.

घाटीवाला:
मग डीएमच करा. चंदीगडच्या पीजीआयला आणि लखनौच्या एसजीपीजीआयला आहे, ३ वर्षं. आठ दिवसांच्या कार्यशाळा करून उंचीसाठी ग्रोथ हार्मोन लिहिणारे मी पाहिलेत. थायरॉईडची साधी टीएसएच तपासणी केलेली नसते, वर्षभराची उंचीची नोंद नसते. गरिबाचे पैसे जातात.

गोदातीर:
सर, डीएम करून परत परभणी-हिंगोलीला किती जण आले? आम्ही रोज बघतो, लेकरू काखेत घेऊन माणसं रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघतात, दोन दिवसांची मजुरी बुडते. ओळखायचं काम तालुक्यालाच व्हायला पाहिजे. जन्मजात थायरॉईड कमी असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धी वाचते. त्याला डीएम कशाला लागतं? तिसऱ्या दिवशी टाचेचं रक्त घ्यायला लागतं.

घाटीवाला:
ओळखणं वेगळं, उपचार वेगळा. डोस कोण बदलणार?

लेकीची_आई:
डॉक्टर लोक आहात म्हणून विचारते. मुलगी ७ वर्षांची, छातीत गाठ लागतेय, दुखतं म्हणते. सासूबाई म्हणतात आजकाल लवकरच होतं.

गोदातीर:
ताई, ८ वर्षांच्या आत छाती वाढायला लागली तर तपासून घ्यायचंच. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील. घाबरू नका, पण लांबवूही नका.

मांजराकाठ:
आधीच सांगायला पाहिजे होतं. माझं डीसीएच आहे, आणि गावात लेकरांचा डॉक्टर मी एकटाच. मागच्या महिन्यात १६ दिवसांचा मुलगा आला, उलट्या, वजन घटलेलं. मी जंतुसंसर्ग धरून सलाईन आणि अँटिबायोटिक दिलं. रक्तातलं पोटॅशियम ७.२, म्हणजे फारच वर आल्यावर डोळे उघडले. सीएएच होतं, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा जन्मजात दोष. मुलीत जननेंद्रिय वेगळं दिसून जन्मतःच शंका येते, मुलगा बाहेरून नीट दिसतो. वाचला तो. पण त्या रात्रीपासून मला झोप नाही.

घाटीवाला:
डीसीएचवर डीएमला बसता येत नाही, आधी एमडीच्या तोडीचं डीएनबी करावं लागेल. माझा सल्ला तुम्हाला लागू नाही. पण अशा बाळाला रिपोर्टची वाट बघायची नसते. सोडियम, पोटॅशियम, साखर, १७-ओएचपी (सीएएच ओळखायची तपासणी) यांचं रक्त काढून ठेवायचं आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन २५ मिग्रॅ, सोबत नॉर्मल सलाईन. साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज. मग ॲम्ब्युलन्स.

गोदातीर:
दादा, तुमच्यासाठी ईएसपीई या युरोपातल्या संस्थेचं ई-लर्निंग आहे. फुकट, खऱ्या केसेसवर, साधनं कमी असलेल्या ठिकाणांसाठी वेगळे धडे. इंग्रजी सोपं आहे. आपल्याकडे इस्पे ही बालएंडोक्राइन डॉक्टरांची संघटना आहे, तिच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. आणि उद्यापासून ओपीडीतल्या प्रत्येक लेकराची उंची तक्त्यावर मांडा. ५ वर्षांपुढे आयएपीचा, म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा तक्ता. निम्मं एंडोक्राइन तिथंच सापडतं.

मांजराकाठ:
उंची मोजायची पट्टी भिंतीवर होतीच, तक्ते उद्या छापून आणतो. हायड्रोकॉर्टिसोनच्या सहा व्हायल आजच सांगितल्या. गुरुवारी दवाखाना बंद असतो. पुण्यात किंवा संभाजीनगरात कुणी ओपीडीत शेजारी बसू देणार असेल तर व्यनि करा, पहाटेच्या गाडीनं येतो.