फ्रॉइडचे टप्पे पाठ करून वॉर्डात काय उपयोग?

ट्यूटरबाई: जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुली व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मनोविश्लेषणाच्या जनक फ्रॉइडचे लहानपणापासूनच्या मनाच्या वाढीचे टप्पे, 'ओरल, ॲनल, फॅलिक, लॅटन्सी, जेनायटल', धडाधड म्हणतात. 'मग समोरच्या पेशंटशी बोलशील काय?' विचारलं की गप्प. व्यक्तिमत्त्व विकासाच्या प्रकरणात फ्रॉइडला एक तास पुरे, बाकी वेळ हिल्डगार्ड पेप्लाऊंना द्या. बाई स्वतः नर्स. १९५२ च्या पुस्तकात त्यांनी नर्स-रुग्ण नातं हाच उपचाराचा गाभा मानला, आणि त्या नात्यात दोघंही वाढतात असं मांडलं.

जुना ब्रदर: साफ नामंजूर. पेप्लाऊ काय आभाळातून पडल्या? त्यांचा बराचसा पाया मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हनचा, आणि सलिव्हन आला मनोविश्लेषणातून. तुमचा आवाज सावत्र आईसारखा वाटला म्हणून पेशंट अंगावर धावून येतो. हा ट्रान्सफरन्स, म्हणजे जुन्या नात्यातल्या भावना समोरच्यावर लादणं, माहीत नसेल तर पोरगी ते मनाला लावून घेते आणि सायकॅट्रीची पोस्टिंगच नको म्हणते.

ट्यूटरबाई: ट्रान्सफरन्स राहू द्या की! पण 'ॲनल स्टेजला (शी-शूची सवय लागण्याच्या वयाला) अडकला म्हणून चिक्कू' हे केस प्रेझेंटेशनमध्ये ऐकवत नाही. कलकत्त्यात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणाऱ्या गिरींद्रशेखर बोसांनीही खुद्द फ्रॉइडला कळवलं होतं, की त्याने सांगितलेली लिंगच्छेदाची भीती आपल्याकडच्या रुग्णांत युरोपियनांइतकी ठळक दिसत नाही.

पुरुष वॉर्डची सिस्टर: एरिक्सनला विसरलात दोघंही. त्या मानसशास्त्रज्ञाचे व्यक्तिमत्त्व विकासाचे आठ टप्पे म्हातारपणापर्यंत जातात. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यानंतर आमच्याकडे विशीतली मुलं येतात, कॉलेज सुटलेलं, मित्र पांगलेले. गोळ्यांनी कानातले आवाज थांबतात, पण 'आता मी कोण?' तसंच राहतं. तिथे स्वतःची ओळख शोधण्याचा टप्पा सांगणारा एरिक्सन कामाला येतो. फक्त एक करा, कुठलाही सिद्धांत नातेवाइकांच्या डोक्यावर मारू नका. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमनने स्किझोफ्रेनियाचं खापर आईवर फोडणारी संज्ञा काढली. त्याला पुरावा पुढे टिकला नाही, पण आया अजून विचारतात, 'सिस्टर, माझंच काही चुकलं का?'

जुना ब्रदर: आणि ही फ्रीडा अमेरिकेतल्या चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयाची, जिथे पेप्लाऊंनीही अनुभव घेतला. बोला ट्यूटरबाई!

ट्यूटरबाई: एका इस्पितळात होत्या म्हणून मत एक होत नाही. पेप्लाऊ नर्सला आधी स्वतःचं वागणं तपासायला लावतात, आईचं नाही.

नाइट ड्युटी: सगळं खरं, पण रात्री अख्ख्या वॉर्डाला मी एकटी. नातं कधी बांधू? प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे पेशंटशी झालेलं बोलणं शब्दशः लिहून काढायच्या वहीत, मुली संवाद घरी बसून रचतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

ट्यूटरबाई: ठाऊक आहे. म्हणूनच पाठांतराचे मार्क काढून त्या संवादाला द्या, आणि मुलीला पेशंटसमोर बसवून तो तपासा.

जुना ब्रदर: तपासणार कोण? ट्यूटर वॉर्डात येतात कधी?