पिंजऱ्याआधीची स्प्रिंट कार: ते दिवस खरंच बरे होते का?

मेकॅनिक्सबर्गकर

विल्यम्स ग्रोव्हला, म्हणजे इथल्या मातीच्या ट्रॅकवर, शुक्रवारी रात्री माझ्या आजूबाजूला बसणारी जुनी मंडळी हमखास एक वाक्य म्हणतात, "आता पूर्वीसारखं राहिलं नाही." पेनसिल्व्हेनियात आल्यापासून हे ऐकतोय आणि दर हंगामाला ते मला जास्तच पटत चाललंय. म्हणून हा धागा.

ज्यांनी स्प्रिंट कार पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उघड्या चाकांची एका माणसाची गाडी, वजन जेमतेम १४०० पौंड, ४१० घन इंचांचं व्ही-एट इंजिन, ताकद ९०० अश्वशक्तीच्या आसपास, इंधन मिथेनॉल. बॅटरी, स्टार्टर, क्लच, गिअरबॉक्स यातलं काहीही नाही. मागून ट्रकनं ढकललं की सुरू होते. ट्रॅक मातीचा, बहुतेक ठिकाणी अर्ध्या मैलाचा किंवा त्याहून लहान. वळणात गाडी आडवी घसरत जाते, तोंड डावीकडे आणि पुढची चाकं उजवीकडे. चालवणाऱ्याभोवती लोखंडी पिंजरा. डोक्यावर पाच बाय पाच फुटांचा पंख, तो हवेच्या जोरानं गाडी मातीत दाबतो.

माझा मुद्दा धोक्याचा नाही. मरणाची आठवण काढून हळहळणारा चाहता मी अजून पाहिलेला नाही. जे गेलं ते आवाक्यात असणं. इथून पूर्वेला ओली नावाचं गाव आहे, तिथला टॉमी हिनरशिट्झ शेतकरी होता. दिवसा शेती, सुटीच्या दिवशी शर्यत, आणि एएए आणि नंतर यूसॅक (शर्यती भरवणाऱ्या संस्था) मिळून सात वेळा पूर्व विभागाचा विजेता. १९६० पर्यंत तो गाडी चालवत होता. यॉर्क स्प्रिंग्जच्या मोटर रेसिंग संग्रहालयात त्या काळच्या गाड्या ठेवल्यात, एकदा जवळ जाऊन बघा. ब्रेकचा दांडा गाडीच्या अंगाबाहेर, स्टेअरिंग ट्रकच्या मापाचं आणि त्याला हातभर दोरी गुंडाळलेली, इंजिनाचा शाफ्ट चालवणाऱ्याच्या दोन पायांच्या मधून मागे जाणारा. चालवणारा कमरेपासून वर सगळा दिसायचा. तो काय करतोय, हात कुठे दुखतोय, कुठल्या वळणावर दमला, हे प्रेक्षकाला नुसत्या डोळ्यांनी कळायचं.

नंतर सत्तरच्या दशकात यान ऑपरमन आला. लांब केस, कपाळाला पट्टी, बक्षीस असेल तिथे गाडी घेऊन हजर. १९७१ मध्ये नॉक्सव्हिल नॅशनल्स ही आयोवातली मोठी शर्यत जिंकला, १९७६ मध्ये टेअर होटला हल्मन क्लासिक, तीही सगळ्या देशाच्या टीव्हीवर. १९७८ मध्ये टेड जॉन्सननं अशाच भटक्यांना एकत्र बांधून 'वर्ल्ड ऑफ आउटलॉज' ही गावोगाव फिरणारी शर्यतमालिका सुरू केली. पिकअपला ट्रेलर जोडायचा, रात्रभर चालवायचं, दुसऱ्या राज्यात दुसऱ्या दिवशी शर्यत.

आज एका चांगल्या ४१० इंजिनाला ६० हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात, आणि एका इंजिनावर हंगाम निघत नाही. पिट्समध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, घरापेक्षा मोठे ट्रक उभे असतात. नोकरी करून, घरामागच्या शेडमध्ये गाडी बांधून सर्वोत्तम लोकांसमोर उभं राहणं जवळजवळ संपलं. आठवण येते ती याची, आणि ती खोटी आहे असं मला कुणी सांगू नये.

आयोवावासी

ऑपरमनची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. हल्मन क्लासिकच्याच वर्षी, १९७६ मध्ये, इंडियानापोलिसला हूझियर हंड्रेड शर्यतीत त्याच्या डोक्याला जबर मार बसला. तो पुन्हा गाडीत बसला, पण आधीचा ऑपरमन परत आला नाही. १९८१ मध्ये पुन्हा अपघात, आणि १९९७ मध्ये गेला. मधली वर्षं कपाळपट्टीच्या फोटोंमध्ये दिसत नाहीत.

तुमच्याच राज्यातलं लँगहॉर्न घ्या. एक मैलाचा जवळजवळ गोल ट्रॅक, सरळ भाग नाहीच, म्हणजे हाताला क्षणभर विसावा नाही. १९५८ ची इंडियानापोलिस ५०० जिंकलेला जिमी ब्रायन १९६० मध्ये तिथे पहिल्याच फेरीत गेला. देशातल्या सर्वोत्तम माणसाची ही गत, तर ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत त्यांचं काय झालं असेल? डोक्यावर लोखंडी पिंजरा सक्तीचा व्हायला सत्तरच्या दशकाची सुरुवात उजाडावी लागली. नळ्या वाकवून जोडायचं काम होतं ते, त्यात नवं तंत्रज्ञान काही नव्हतं. इतकी वर्षं ते टळलं, कारण पिंजरा लावणारा भित्रा अशी समजूत होती. चालवणारा कमरेपासून वर दिसायचा म्हणता ना? गाडी उलटली की तोच भाग आधी जमिनीला लागायचा.

मी दर ऑगस्टला नॉक्सव्हिलला जातो. तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये फिरताना माझी नजर जन्माच्या वर्षाशेजारी लिहिलेल्या दुसऱ्या वर्षाकडे जाते. धोका आणि तो काळ तुम्ही वेगळे काढू शकत नाही. इंजिन स्वस्त होतं, कारण सुरक्षेवर कुणी पैसा खर्च करत नव्हतं.

मेकॅनिक्सबर्गकर

शेवटचं वाक्य मान्य नाही. पिंजरा, पाच-सहा पट्ट्यांचा बेल्ट, डोकं धरून ठेवणारी सीट, मान सांभाळणारं 'हान्स' उपकरण, हे सगळं मिळूनही आजच्या एका इंजिनाच्या किमतीजवळ पोचत नाही. खर्च वाढला तो वेगापायी. आणि २०१८ मध्ये जेसन जॉन्सन आणि आमचा ग्रेग हॉडनेट हे दोघेही चालक पिंजऱ्यातच गेले. सुरक्षा हवीच, शंभर टक्के हवी. पण शेतकऱ्याला शर्यतीतून बाहेर काढलं ते सुरक्षेनं, हे मला कुणी पटवू शकणार नाही.

करवीर_मोटार

कोल्हापुरातून लिहितोय. ग्रोव्हची शेवटची शर्यत तुमच्याकडे रात्री दहाला लागते, आमच्याकडे शनिवारची सकाळ साडेसात. दुकान उघडायच्या आधी मोबाईलवर बघतो. तुमच्या सोनेरी काळात आम्हाला या खेळाचा पत्तासुद्धा नव्हता, त्यामुळे 'आवाक्यात' कुणाच्या, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरं म्हणजे चुरस. आउटलॉजच्या विजेत्यांची यादी काढा. १९७८ ते १९९४ या १७ हंगामांत स्टीव्ह किन्झर १४ वेळा विजेता. उरले तीन, त्यातले दोन सॅमी स्विंडेलचे. किन्झरबद्दल मला अपार आदर आहे, २० विजेतेपदं आणि ५७७ विजय हे येरागबाळ्याचं काम नोहे. पण शेडमधला माणूस कुणालाही हरवू शकत होता, हे त्या यादीत मला दिसत नाही. तो किन्झरच्या मागे दुसरा येत होता.

आणि आजचं बघा. २०२३ मध्ये एल्डोरा मिलियन ही शर्यत कोण जिंकलं? लोगन शुचार्ट, हॅनोव्हर, पेनसिल्व्हेनिया. तुमच्याच भागातल्या बॉबी अ‍ॅलनचा नातू. आजोबांनी १९९० मध्ये नॉक्सव्हिल जिंकलं तेही कमी पैशात, आणि नातू आजोबांच्याच टीममध्ये वाढून दहा लाख डॉलर घेऊन गेला. ती रेस मी लाइव्ह पाहिली, शेवटच्या फेऱ्यांना उभा होतो. तुम्ही ज्याला संपलं म्हणता ते माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

मृण्मयी

मी इंडियानापोलिसला राहते, म्हणून इथलं सांगते. मेकॅनिक्सबर्गकर, "घरामागच्या शेडमध्ये गाडी बांधून सर्वोत्तम लोकांसमोर उभं राहणं" हे तुमचं वाक्य वाचून मला एकच माणूस आठवला, चार्ली विगिन्स. या शहरात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. स्वतः गाडी बांधली, स्वतः चालवली, उत्तम मेकॅनिक म्हणून नाव कमावलं. पण तो काळा होता आणि एएए काळ्या चालकांना शर्यतीत घेत नव्हती. म्हणून त्यांनी आपली वेगळी शर्यत उभी केली, गोल्ड अँड ग्लोरी स्वीपस्टेक्स, १९२४ ते १९३६, इंडियाना स्टेट फेअरग्राउंड्सच्या एक मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर. विगिन्स ती एकापेक्षा जास्त वेळा जिंकला. १९३६ च्या शर्यतीत मोठा अपघात झाला आणि त्याचा पाय गेला. ऑपरमनला मार बसला तो हाच ट्रॅक.

तुमच्या व्याख्येत विगिन्स तंतोतंत बसतो. गाडी होती, हात होते, कसब होतं. फक्त सर्वोत्तम लोकांसमोर त्याला उभं राहू दिलं नाही. मग तो खेळ आवाक्यातला होता असं कसं म्हणायचं?

बायकांचंही तेच. इंडियानापोलिस स्पीडवेच्या पिट्समध्ये बाईनं पाय ठेवायला १९७१ उजाडलं, आणि मातीच्या कितीतरी ट्रॅकवर हाच नियम होता. आउटलॉजची मुख्य शर्यत पहिल्यांदा एक बाई जिंकली ती २००४ मध्ये, एरिन क्रॉकर, कॅलिफोर्नियातल्या टुलारीला. माझी मुलगी आज पिट्समध्ये जाऊन टायर मोजते, चालकांशी बोलते. साठच्या दशकात तिला कुंपणाबाहेर थांबावं लागलं असतं. ज्यांना आत घेतलं त्यांच्याच आठवणी आपण वाचतो, हे विसरू नये.

मेकॅनिक्सबर्गकर

ताई, विगिन्सबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातल्या एका अक्षरालाही माझा विरोध नाही. त्याच्यावर अन्याय झाला आणि तो खेळाच्या मालकांनी केला. पण यातून माझंच म्हणणं पुढे जातं असं मला वाटतं. त्याच्या आड फाटकावरचा माणूस आला, पैसा आला नाही. गाडी त्यानं आपल्या गॅरेजात बांधलीच होती. आज फाटक उघडं आहे, पिट पास कुणालाही मिळतो, आणि विगिन्सच्या जागी असलेल्या तरुण मेकॅनिकला गाडीच परवडत नाही. फाटकही उघडं हवं आणि गॅरेजही. एक मिळालं म्हणून दुसरं गेल्याचं दुःख करू नये, हे मला पटत नाही.

करवीर, शुचार्टचा मलाही अभिमान आहे. पण ज्याचे आजोबा बॉबी अ‍ॅलन नाहीत, त्यानं कुठून सुरुवात करायची ते सांगा.

पाना_पक्कड

व्यवसायानं मेकॅनिकल इंजिनियर, म्हणून मी जरा पंखावर आणि मातीवर बोलतो. दोन्ही बाजू इंजिनाच्या किमतीत अडकल्यात.

पंख नवा नाही. ओहायोत जिम कुशमननं तो १९५८ मध्येच गाडीवर चढवला. त्यानं वळणातला वेग प्रचंड वाढवला हे खरं, पण गाडी उलटली की आधी पंख चुरगळतो आणि बराचसा मार तो घेतो. पंख काढा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्यांना बिनपंखाची, कठड्याला चाटून जाणारी जुनी पद्धत हवी आहे, त्यांच्यासाठी ती आजही आहे. जुलैत इंडियाना स्प्रिंट वीकला जा. कोकोमोचा ट्रॅक जेमतेम पाव मैलाचा, पंख नाही, गाडी दोन चाकांवर वळणातून निघते. तो काळ गेला म्हणणाऱ्यांपैकी किती जण तिथपर्यंत गाडी चालवत जातात?

खरं नुकसान मातीचं झालंय, आणि यावर जुनी मंडळी बरोबर आहेत. सराव आणि हीट्स (मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यती) संपेपर्यंत ट्रॅकमधलं पाणी उडतं, वरचा थर काळा, गुळगुळीत होतो. कधी त्यावर टायरचं रबर बसतं. मग पकड असलेली एकच वाट उरते, सगळे त्या वाटेनं एकामागून एक जातात आणि पुढच्याला मागे टाकणं अशक्य होतं. वर कठड्याजवळ भुसभुशीत मातीचा उंच बांध साचतो, त्याला कुशन म्हणतात. तो टिकला तर एक जण खालून, दुसरा वरून जाऊ शकतो आणि शर्यत जिवंत राहते. हे ट्रॅकवाल्याच्या हातात आहे. मुख्य शर्यतीआधी अर्धा तास थांबा, नांगरा, पाणी मारा, पुन्हा दाबा. प्रेक्षकांना उशीर होतो म्हणून हे टाळतात. टाळू नये.

खर्चाचं म्हणाल तर ३०५, ३५८, ३६० घन इंचांचे वर्ग आहेतच. ग्रोव्हलाच ३५८ धावतात, खूप स्वस्तात. शेडमधला माणूस तिथे आहे.

मेकॅनिक्सबर्गकर

३५८ मी आवडीनं बघतो. पण त्यातला विजेता त्याच रात्री आउटलॉजसमोर उभा राहत नाही. हिनरशिट्झ त्याच्या काळातल्या सर्वोत्तम लोकांसमोर उभा राहायचा. पेनसिल्व्हेनिया पॉसीचं, म्हणजे इथल्या स्थानिक चालकांचं, सगळं नाव त्यातूनच झालंय: बाहेरून आलेल्या मोठ्या टीमला आपल्या मातीवर इथल्याच माणसानं हरवायचं. ते अजून होतं, ग्रोव्ह आणि पोर्ट रॉयलच्या ट्रॅकवर मी पाहिलंय, आणि त्या रात्री स्टँडमध्ये जो आवाज होतो त्यासाठीच मी जातो. ४१० इंजिनाच्या भागांवर मर्यादा घाला, म्हणजे महागडे धातू आणि दर शर्यतीनंतर उघडावी लागणारी इंजिनं बंद होतील. शे-दीडशे अश्वशक्ती गेली तर स्टँडमधून कुणाला कळणारही नाही. मातीबद्दल पाना_पक्कड यांच्याशी पूर्ण सहमत.

आयोवावासी

ही मर्यादा मलाही हवी, माझं कारण मात्र वेगळं आहे. वेग कमी झाला की कठड्यावर आदळण्याचा जोरही कमी होतो. फक्त ती मागताना "पूर्वीसारखं करा" असं लिहू नका. पूर्वी कुणी मर्यादा घातलेली नव्हती. मागणीच्या अर्जात हान्स आणि सीटची तपासणी सगळ्या लहान ट्रॅकवरही सक्तीची करा, असं लिहिलंत तर माझी सही घ्या.

मृण्मयी

आणि शाळकरी मुलामुलींसाठी पिट्समध्ये गाडी बांधायला शिकवणारा वर्ग, हेही त्यात घाला. सुरुवात कुठून करायची, हा तुमचाच प्रश्न होता ना?