मदत हवी आहे: चाईसाठी बॅरिसिटिनिब कोणी घेतलंय का?

नमस्कार. माझी मुलगी 21 वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी कानामागे रुपयाएवढी चाई पडली. कांद्याचा रस झाला, गुंजांचा लेप झाला, मग डोक्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं. थोडी लव यायची आणि महिन्याभरात पुन्हा उशीवर केस. आता डोक्यावर जवळपास काहीच नाही, भुवया आणि पापण्याही गेल्या. स्कूटीवरून आली की धुळीने डोळे लाल झालेले असतात. रोज सकाळी आरशासमोर पेन्सिलीने भुवया काढते, एक वर-खाली झाली की पुसून परत. बघवत नाही हो.

आता त्वचेच्या डॉक्टरांनी बॅरिसिटिनिब सुचवलंय. मूळ औषध संधिवाताचं. अमेरिकेत 2022 मध्ये मोठ्यांच्या तीव्र चाईसाठी मंजूर झालं. चाचण्यांत 4 मिलिग्रॅमच्या गोळीने 36 आठवड्यांत साधारण तिघांतल्या एकाच्या डोक्यावर 80 टक्के किंवा जास्त केस आले, असं वाचलं. पण प्रतिकारशक्ती दबते, जंतुसंसर्ग होतो, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हेही वाचलं. आधी टीबीची तपासणी करायची आहे. माझ्या सासूबाईंना टीबी झाला होता, म्हणून जीव जास्तच घाबरतो.

ज्यांनी स्वतः किंवा घरात कोणी घेतलं असेल त्यांनी कृपया सांगा: केस किती महिन्यांनी दिसले? रक्ततपासण्या किती दिवसांनी करायला सांगतात? आणि मुख्य म्हणजे, गोळी बंद केल्यावर केस टिकले का? मुलगी तयार आहे, माझाच धीर होत नाही.