सिबिल चांगला, पिनकोड वाईट?

निवांत_नाशिककर:
धाकट्या भावाने एका ॲपवर पर्सनल लोनला अप्लाय केलं, सिबिल 780, हप्ता कधी चुकला नाही, तरी लगेच रिजेक्ट. ओळखीतला डीएसए (बँकांसाठी कर्जं आणणारा एजंट) म्हणतो तुमचा पिनकोड निगेटिव्ह एरियात आहे, तिथल्या लोकांनी आधी बुडवलंय. म्हणजे बुडवलं कोणी आणि भोगतंय कोण! नवीन डेटा कायद्यात यावर काही करता येतं का?

कलमकसाई:
अवघड आहे. 2023 चा डीपीडीपी कायदा (हाच तो नवीन डेटा कायदा) पर्सनल डेटापुरता, म्हणजे ज्यावरून एखादा माणूस ओळखता येतो तेवढाच. "या पिनकोडवाले बुडवतात" हा निष्कर्ष कुणा एकाबद्दल नाहीच, मग प्रायव्हसी मोडली कुणाची? भावाचा नंबर लीक झाला नाही, संमतीच्या बॉक्सवर टिक त्यानेच केली, आणि तरी नुकसान झालंच. कलम 8 मध्ये निर्णयासाठी वापरलेला डेटा अचूक हवा असं आहे खरं, पण पिनकोड तर अचूकच आहे ना :) युरोपात जीडीपीआर या त्यांच्या डेटा कायद्याच्या कलम 22 मुळे निव्वळ मशीनने घेतलेल्या निर्णयाला आव्हान देता येतं, आपल्याकडे तसं कलमच नाही.

आकडेमोड:
मी याच लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो, विमावाले वयावरून प्रीमियम लावतात तेव्हा कोणी बोंबलत नाही. रिस्क ग्रुपवरूनच मोजतात. जात-धर्म कोणी मॉडेलमध्ये टाकत नाही.

ऱ्हाइनकाठी:
@आकडेमोड टाकायची गरजच कुठे पडते, आपल्याकडे वस्ती सांगितली की निम्मं कळतं. इथे नेदरलँड्समध्ये चाइल्डकेअर भत्त्यातले घोटाळेबाज शोधायला टॅक्स खात्याने जी सिस्टिम केली त्यात डच नागरिकत्व आहे की नाही हाही रिस्कचा निकष होता, हजारो कुटुंबांवर खोटा ठपका, लोक कर्जात बुडाले, शेवटी जानेवारी 2021 मध्ये पंतप्रधान रुटेंच्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. त्याआधी 2020 मध्ये हेगच्या कोर्टाने सिरी (SyRI, आयफोनवाली नव्हे) ही भत्त्यांतली फसवणूक हुडकणारी सरकारी सिस्टिम बंद पाडली, ती गरीब वस्त्यांवर सोडलेली आणि माणूस संशयित कशावरून ठरतो ते सरकार सांगायलाच तयार नाही. आणि वय सगळ्यांचंच वाढतं हो, पत्ता बदलायला पैसे लागतात.

कलमकसाई:
@निवांत_नाशिककर ॲपच्या मागे बँक असेल तर नाकारल्याचं कारण लेखी मागा, आरबीआयच्या फेअर प्रॅक्टिस कोडमध्ये आहे. पिनकोड असं कोणी लिहून देणार नाही, "इंटर्नल पॉलिसी" लिहितील, पण कागद हातात असू दे.

निवांत_नाशिककर:
मेल टाकतो आजच. भाऊ विचारतोय मावशीच्या पत्त्यावरून परत अप्लाय करू का 😀

आकडेमोड:
नको रे, केवायसीत अडकेल. आणि लागोपाठ एन्क्वायऱ्या पडल्या की आहे तो सिबिलपण खाली येतो.