भुतांपेक्षा पोशाखांचा प्रश्न मोठा

"भुताखेतांचे सण शाळेत कशाला?" असं शाळेतल्या हॅलोवीनबद्दल (३१ ऑक्टोबर, मुलं भुता-चेटकिणींचे वगैरे पोशाख घालून दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागतात तो सण) काही जण विचारतात. आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. इथे साउथ ऑरेंज-मेपलवूडच्या शाळांनी २०२३ मध्ये शाळेच्या वेळेत हॅलोवीन नको असं ठरवलं, तेव्हा भुतांचा मुद्दा नव्हताच. काहींना धर्मामुळे चालत नाही, काहींना पोशाख परवडत नाही, ती मुलं बाजूला पडतात, हे कारण होतं. तेव्हाचे राज्याचे गव्हर्नर मर्फी यांनी मात्र या निर्णयावर जाहीर नापसंती दाखवली होती.

मला स्वतःला सरसकट बंदी पटत नाही, पण कारण खोटं नाही. लेकीच्या वर्गात यहोवाज् विटनेस (हॅलोवीन न पाळणारा एक ख्रिस्ती पंथ) घरातला एक मुलगा होता. सगळे पोशाख घालून परेडला गेले की तो लायब्ररीत एकटा बसायचा. दुसरीतल्या मुलाला ते किती लागत असेल! आणि पोशाखांचं म्हणाल तर जुन्या चादरीचं भूत आता कुणाला चालतंय? दुकानातला 'फ्रोझन' सिनेमातल्या एल्साचा पोशाखच हवा असतो.

वर्गात गोळ्या-चॉकलेटं नकोत, हे मात्र मला शंभर टक्के मान्य. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं एक तरी मूल असतंच.

बाकी, परका सण म्हणून विरोध असेल तर आपली पंचाईत आहे. दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून याच शाळांकडे आपण अर्ज करतो ना? आमच्याकडे तर एका वर्षी दिवाळी आणि हॅलोवीन दोन्ही एकाच दिवशी आले, २०२४ ला. पोरगी घागऱ्यावर चेटकिणीची टोपी घालून दारोदार फिरली. आजीने फोटो बघून विचारलं, "ही कुठली लक्ष्मी?"